पाटी नसलेले दुकान: लालबागच्या चाळीतील दुर्मीळ सिक्लिड

लालबागच्या मसाला बाजाराच्या मागच्या अंगाला, गिरण्यांच्या काळातल्या एका चाळीच्या तळमजल्यावर समोरासमोर दोन खोल्या आहेत. दारावर पाटी नाही, छापील बिलपुस्तक नाही आणि गल्लाही नाही; आतून येणारी एअर पंपांची घरघर आणि उंबऱ्याशी काढून ठेवलेल्या चपला, एवढ्यावरून हे दुकान आहे हे ओळखायचे. मुंबईत दुर्मीळ सिक्लिड (मुख्यतः गोड्या पाण्यातल्या माशांचे एक कुळ) पाळणाऱ्या आणि घरी त्यांची पैदास करू पाहणाऱ्या माणसाला आज ना उद्या कोणीतरी या खोल्यांचा पत्ता सांगतोच. मालकांना रोजची वर्दळ नको असल्यामुळे नाव लिहू नये अशी त्यांची अट आहे आणि ती मी पाळतो आहे. करी रोड स्थानकाबाहेर चौकशी करणाऱ्याने मात्र ‘मासेवाले काका’ एवढेच विचारू नये, कारण मग हमखास एखाद्या कोळणीच्या पाटीकडे बोट दाखवले जाते. ‘काचेतले मासे’ असे स्पष्ट सांगावे. गेल्या वर्षीच्या जानेवारीपासून चौदा महिने मी तेथे गिऱ्हाईक म्हणून जातो आहे आणि पुढचा अभिप्राय त्या अनुभवातून लिहिला आहे.

सिक्लिड म्हटले की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कपाळावर टेंगूळ असलेला फ्लॉवरहॉर्न किंवा वाकड्या तोंडाचा पॅरट येतो. हे दोन्ही मासे निसर्गात आपोआप घडलेले नाहीत. ते माणसाने संकरातून घडवलेले आहेत आणि त्यांतला फ्लॉवरहॉर्न १९९० च्या दशकात मलेशियात पुढे येऊन वास्तुशास्त्राच्या बोटाला धरून आपल्या दिवाणखान्यांत शिरला. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही, पण दुर्मीळ सिक्लिडांचा छंद ही अगदी वेगळी गोष्ट आहे. तेथे माशाचा रंग किंवा किंमत दुय्यम असते. त्याची जात निश्चित आहे का, त्याचे आईबाप कोणते आणि त्यांचे मूळ पाणी कोठले, हे प्रश्न आधी येतात. मलावी सरोवरातल्या पीकॉक गटाच्या निरनिराळ्या जातींच्या माद्या इतक्या सारख्या करड्या दिसतात, की त्यांना एका टँकमध्ये ठेवले तर कोणता नर कोणाशी जुगला हे जाणकारालाही सांगता येत नाही आणि दोन पिढ्यांत जातीचे नाव पुसले जाते. ‘मिक्स आफ्रिकन सिक्लिड’ असे लिहिलेल्या टाकीतून उचललेला मासा कितीही देखणा असला तरी पैदाशीसाठी तो बिनकामाचा ठरतो.

ही चिकित्सा अतिरेकी वाटणाऱ्यांना मादागास्करच्या मंगरहारा सिक्लिडची हकीगत सांगावीशी वाटते. २०१३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात या जातीचे केवळ नर उरले होते आणि कोणाच्या घरी, कोणाच्या टँकमध्ये एखादी मादी असल्यास कळवावे, असे जाहीर आवाहन तेथील तज्ज्ञांना करावे लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस मादागास्करमध्ये शोधपथकाला थोडे मासे सापडले म्हणून ती जात वाचली. घरातल्या काचेच्या पेटीतला एक नीट नोंद ठेवलेला मासा कधी किती मोलाचा ठरेल, हे त्यामुळे सांगता येत नाही.

माझा पूर्वीचा अनुभव उलट होता. तीन वर्षांपूर्वी मी एका दुकानातून टांगानिका सरोवरातले, शंखात राहणारे ‘मल्टी’ म्हणून दहा मासे घेतले. निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस असे लांबलचक नाव असलेला हा मासा सिक्लिड कुळातल्या सर्वांत लहान माशांपैकी एक आहे. नर जेमतेम साडेचार सेंटिमीटरचा होतो आणि मादी त्याहूनही लहान राहते. दोन फुटी टँकमध्ये त्याची अख्खी वसाहत मावते, त्यामुळे मुंबईच्या घरांना तो जणू मापून शिवल्यासारखा आहे. माझ्याकडे आलेल्या दहांपैकी चारांच्या अंगावरचे पट्टे कल्ल्यांपाशी थांबत होते आणि बाकीच्यांचे डोक्यावरून डोळ्यांपर्यंत गेलेले होते. हे दुसऱ्या प्रकारचे मासे म्हणजे सिमिलिस ही जवळची, पण वेगळी जात आहे हे मला सहा महिन्यांनी समजले आणि तोपर्यंत शंखांतून निघालेली पिल्ले धड या जातीची नव्हती, धड त्या जातीची. दुकानदाराला विचारले तेव्हा ‘दोन्ही शंखातलेच ना?’ असे उत्तर मिळाले. त्यानंतर काही काळ मी हा नाद सोडला होता.

या पार्श्वभूमीवर लालबागच्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पैसे खिशात तयार ठेवून गेलो होतो. मालक साधारण सत्तरीचे, मूळचे मालवणकडचे. त्यांनी मासे दाखवले, पट्ट्यांतला फरक मी न विचारता समजावून सांगितला, मल्टी आणि सिमिलिस दोन वेगळ्या खोल्यांत का ठेवले आहेत आणि दोन्हीकडची जाळी वेगळ्या रंगांची का आहेत तेही सांगितले. मी आठ पिल्ले मागितली तेव्हा मात्र त्यांनी मान हलवली. “साहेब, आधी तुमचं पाणी घेऊन या. मासे कुठं पळून जात नाहीत.” मी चिडलो, हे कबूल केले पाहिजे. विकायला बसलेल्या माणसाने विकायला नकार द्यावा, हा प्रकार मुंबईत तरी नवा होता. तरीही पुढचे तीन रविवार मी मुलुंडहून टँकमधले पाणी बाटलीत भरून नेले आणि दर वेळी ते काचेच्या नळीत घेऊन, थेंब टाकून, रंगाच्या पट्टीशी ताडून पाहिले गेले.

तीन आठवड्यांच्या या परीक्षेमागचे कारण नंतर पटले. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा या जलाशयांतून येणारे पाणी हे सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचे पाणी असून ते मऊ आहे. माझ्या घरच्या नळाला टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणारा मीटर लावला तर काटा ७० ते ९० च्या दरम्यान थांबतो. टांगानिका सरोवराची गोष्ट याच्या नेमकी विरुद्ध आहे. चार देशांच्या सीमा भिडलेले, १,४७० मीटर खोल असलेले ते सरोवर जड, खनिजयुक्त आणि अल्कधर्मी पाण्याचे आहे आणि त्याचा पीएच ८.६ पासून ९.२ पर्यंत असतो. तेथल्या गोगलगायी मेल्या तरी त्यांचे शंख अशा पाण्यात विरघळत नाहीत, वर्षानुवर्षे तळाशी साठत जातात आणि त्या शंखांच्या पसाऱ्यातच या चिमुकल्या माशांनी घर केले आहे. आपल्या नळाच्या पाण्यात तोच शंख दोन वर्षांत खडूसारखा पांढरा आणि खरखरीत होतो. शिवाय पीएच वाढला की माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया अधिक विषारी रूपात राहतो, त्यामुळे फिल्टरमध्ये जिवाणू नीट वसलेले नसतील तर मऊ पाण्यात खपून गेले असते तेवढे प्रदूषणही येथे जिवावर बेतते. तीन रविवारांच्या तीन बाटल्यांतून मालक हेच पाहत होते.

पाणी जड करण्याची त्यांची रीत महागड्या डबीबंद पावडरींवर अवलंबून नाही, हा या दुकानाचा मला सर्वांत भावलेला गुण. वीस लिटर पाण्याला एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा, एक मोठा चमचा एप्सम मीठ आणि एक चहाचा चमचा समुद्री टँकसाठी मिळणारे मीठ, असे त्यांचे ढोबळ प्रमाण आहे आणि ते भिंतीवर खडूने लिहून ठेवलेले आहे. फिल्टरमध्ये अनेक जण प्रवाळाचे तुकडे भरतात. ते येथे चालत नाही. प्रवाळाला आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, ही गोष्ट मालक प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला बजावतात. त्यांच्या फिल्टरमध्ये तिसऱ्यांच्या शिंपल्या असतात. घरी तिसऱ्यांचे सुके झाले की शिंपल्या उकळून, घासून, उन्हात वाळवून खलबत्त्यात जाडसर कुटायच्या आणि जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये सोडायच्या. शिंपल्यांतला चुना पीएच आठाच्या आसपास धरून ठेवतो, त्यापुढे तो फारसा विरघळत नाही. म्हणून वरची मजल सोड्याने गाठायची. एकाच वस्तूवर विसंबून राहिलेल्यांचा पीएच आठावर का अडतो, हे मला इतक्या सोप्या शब्दांत यापूर्वी कोणी सांगितले नव्हते.

फेब्रुवारीच्या अखेरीस मला मासे मिळाले. त्या दिवशी पाहिलेले काम अजून डोळ्यांसमोर आहे. मल्टी जाळ्याने पकडता येत नाहीत, चाहूल लागताच ते शंखात शिरतात. आणि शंखासकट पिशवीत घातले तर प्रवासात शंख एकमेकांवर आपटून मासा आत चिरडतो. मालकांनी एक शंख उचलला, त्याचे तोंड खाली करून पाण्याच्या पातळीवर धरला आणि घाई न करता वर घेतला. आतले पाणी बारीक धारेने ओघळू लागले. धार तुटायच्या बेतात असताना, पाण्याच्या शेवटच्या थेंबाबरोबर, नखाएवढे एक पट्टेदार पिल्लू सुळकन खालच्या वाडग्यात उतरले. आठ माशांना वीस मिनिटे लागली. तोवर एकदाही शंख हलवला किंवा ठोकला गेला नाही. पिशव्या दुहेरी होत्या, कोपऱ्यात मासा अडकू नये म्हणून खालची दोन्ही टोके रबराने गोल बांधलेली होती, एक तृतीयांश पाणी आणि उरलेला प्राणवायू, आणि माशांना आदल्या दिवसापासून उपाशी ठेवलेले, म्हणजे वाटेत पाणी खराब होण्याचे कारण नाही. दुपारी दीडच्या धीम्या लोकलने, मांडीवर थर्मोकोलचा खोका घेऊन मी मुलुंडला पोहोचलो तेव्हा आठही मासे ठणठणीत होते. कुरिअरने मासे पाठवायला मालक साफ नकार देतात. बाहेरगावच्या लोकांची त्यामुळे गैरसोय होते खरी, पण कुरिअरच्या खोक्यातून मेलेले मासे काढण्याचा अनुभव ज्याने घेतला आहे तो या हट्टाबद्दल तक्रार करणार नाही.

खोक्याबरोबर एक चिठ्ठी मिळाली. दुकानात शाळकरी पोरांची असते तशी लांब, दोनशे पानी वही आहे आणि प्रत्येक टँकला तिच्यात एक पान दिलेले आहे. मूळ जोडी कोणाकडून कधी आली, अंडी कधी दिसली, पिल्ले किती जगली, किती मेली, कोणाला किती दिली, अशा नोंदी निळ्या शाईत, आणि मृत्यू लाल शाईत. चिठ्ठी म्हणजे त्या पानाचा हाताने केलेला उतारा. माझ्या आठ माशांची आई त्याच टँकमध्ये समोर दिसत होती. बाजारातले कितीतरी विक्रेते ‘एफ-वन’ हा शब्द, म्हणजे जंगली आईबापांची थेट पहिली पिढी, भाजीच्या पाटीवर ‘ताजी’ लिहावे तसा वापरतात. या वहीत मात्र माझ्या माशांपुढे ‘पिढी नक्की नाही, चौथी किंवा पाचवी’ असे लिहिलेले होते. माझ्या मते दुकानाच्या किमती वसूल होतात त्या या एका ओळीत.

किमतींबद्दल सांगायचे तर त्या चढ्या आहेत. साधा आफ्रिकन सिक्लिड बाजारात जेथे शंभराच्या आत मिळतो, तेथे मल्टीच्या एका पिल्लाला मी चारशे रुपये मोजले. भाव करण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. पैसे रोख द्यावे लागतात आणि दुकान फक्त बुधवारी संध्याकाळी व रविवारी सकाळी उघडे असते. गणेशोत्सवाचे सगळे दिवस ते बंद असते, कारण १९३४ पासून बसणाऱ्या ‘लालबागच्या राजा’च्या गर्दीतून पाण्याची पिशवी बाहेर काढणे शक्य नसते आणि ढोलताशांच्या कंपनांनी मासेही शंखाबाहेर येत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत मसाले कांडणाऱ्या डंकांमुळे गल्लीत मिरचीची धूळ उडत असते; त्या दिवसांत प्रत्येक एअर पंपाला धोतराच्या जुन्या कापडाची टोपी घातलेली दिसते. पहिल्या वेळी मला हसू आले होते. घरी येऊन मी फोडणी देताना स्वयंपाकघराशेजारचा पंप काय ओढत असेल याचा विचार केला आणि जुना रुमाल शोधला.

जागेची आखणीही कौतुक करण्यासारखी आहे. सर्वांत खालची फळी जमिनीपासून दोन फूट वर आहे, कारण मुसळधार पावसात हिंदमातापासून या भागात पाणी भरते हे कोणाला सांगावे लागत नाही. पहाटे नळाला येणारे पाणी निळ्या पिंपांत भरून, त्यात क्लोरीन घालवणारे हायपो टाकून, दिवसभर हवा सोडून मगच वापरतात. बारा ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी अवघ्या मुंबईची वीज गेली, त्यानंतर त्यांनी पंपांसाठी इन्व्हर्टर घेतला; मुंबईत वीज जात नाही या विश्वासावर ज्यांचे टँक चालतात त्यांनी निदान बॅटरीवरचा एक पंप घरात ठेवावा, असे ते सांगतात आणि तो विकत नाहीत, हे विशेष.

पिल्लांच्या खाण्याचे खाते काकूंकडे आहे. दोन लिटरच्या सरबताच्या बाटल्या उलट्या टांगून, त्यांत खडे मीठ घातलेल्या पाण्यात त्या आर्टेमिया या कोळंबीसारख्या चिमुकल्या जिवाची अंडी उबवतात. मुंबईच्या उकाड्यात अठरा ते चोवीस तासांत नारिंगी धुळीसारखी ती पिल्ले तयार होतात आणि बाटलीच्या एका बाजूला बॅटरीचा उजेड धरला की तिकडे गोळा होतात. ही पिल्ले गोड्या पाण्यातून गाळून घेतल्याशिवाय टँकमध्ये घालायची नाहीत, हा काकूंचा दंडक आहे आणि मी एकदा न गाळता घातल्याचे सांगितले तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती माझ्या शाळेतल्या बाईंची होती.

सेवा म्हणून या दुकानाची खरी कसोटी लागली ती मे महिन्यात, माझ्याच चुकीमुळे. टांगानिकाच्या माशांना २४ ते २७ अंश तापमान मानवते. माझ्या बैठकीच्या खोलीतला टँक मेच्या दुसऱ्या आठवड्यात ३१ अंशांवर गेला. मालकांच्या सल्ल्याने मी पाण्यावर एक छोटा पंखा बसवला. दमट हवेमुळे मुंबईत पंख्याने फार तर दोन अंश कमी होतात, तेवढे झाले. मात्र पंख्याने उडून जाणाऱ्या पाण्याच्या जागी मी रोज सोडा आणि मीठ घातलेले तयार पाणीच टाकत राहिलो. वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात, ही शाळेत शिकलेली गोष्ट मला सुचली नाही. महिन्याभरात टीडीएस साडेचारशेवरून सातशेपलीकडे गेला. मीटरवर हा आकडा पाहिल्यावर मी घाबरलो आणि एका रात्रीत निम्म्याहून अधिक पाणी काढून साधे पाणी भरले. सकाळी दोन मासे मेलेले होते. फोनवर मालकांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “क्षार वाढले त्यानं नाही गेले ते. तुम्ही एका रात्रीत नदी आणून ओतलीत त्यानं गेले.” त्यानंतर आठ दिवस रोज रात्री नऊ वाजता त्यांचा फोन येत असे, कालचा आकडा विचारायला. चिठ्ठीमागच्या पानावर त्यांनी लाल शाईने ‘२’ लिहिले आहे, ते मी पुढच्या खेपेस पाहिले.

उरलेल्या सहा माशांनी पावसाळाभर वाळू उपसण्याखेरीज काही केले नाही. आपल्या लांबीच्या कितीतरी पट मोठा खड्डा खणून, शंखाचे तोंड नेमके वरच्या बाजूला येईल असा तो पुरणे, हा त्यांचा स्वभावच आहे. मी टाकलेले पंधरा शंख म्हणजे आमच्या सोसायटीच्या बागेत पावसाळ्यात उच्छाद मांडणाऱ्या आफ्रिकी गोगलगायींचे रिकामे शंख होते, त्यांतले लहान निवडून, हातमोजे घालून गोळा केलेले आणि दोनदा उकळलेले. विकतचे शंख घेऊ नका, ही सूचनाही दुकानातलीच. घटस्थापनेच्या सकाळी खायला घालताना एका शंखाच्या ओठावर स्वल्पविरामाएवढे काहीतरी हलताना दिसले. मी भिंग आणले. चार पिल्ले होती, पारदर्शक, नुसते डोळे. शेजारच्या शंखातला नर त्यांच्या अंगावरून गेला आणि त्याने त्यांना काहीही केले नाही. बहुतेक सिक्लिड पुढची अंडी घालताना आधीच्या पिल्लांना हुसकावतात. मल्टींमध्ये थोरली पिल्ले त्याच वाडीत राहतात आणि धाकट्यांच्या आसपास वावरतात. म्हणून ही जात जोडीने न घेता सहा-आठ पिल्ले एकदम घ्यावीत आणि नंतर उगीच हात घालू नये, हा मालकांचा आग्रह योग्य ठरला.

दोष सांगायचा तर तो माझ्या मेहुण्याच्या वाट्याला आला. त्याच्यासाठी मी जूनमध्ये त्याच दुकानातून दक्षिण अमेरिकेच्या अपिस्टोग्रामा काकाटुओइडिस या बुटक्या सिक्लिडची सहा पिल्ले नेली होती. तीन महिन्यांनी रंग भरले तेव्हा सहांपैकी पाच नर निघाले आणि त्यांनी एकमेकांचे पर फाडायला सुरुवात केली. अपिस्टोग्रामाच्या पिल्लांत नर किती आणि माद्या किती होणार, हे सुरुवातीच्या दिवसांतल्या पाण्याच्या तापमानावरही ठरते आणि उष्ण पाण्यात नर अधिक होतात. ती पिल्ले एप्रिल-मेच्या उकाड्यात वाढलेली होती. मालकांना हे ठाऊक होते, त्यांनीच ते मला नंतर समजावले. मग विकताना का सांगितले नाही, या प्रश्नाला मात्र त्यांच्याकडे उत्तर नव्हते. जानेवारीत निपजलेल्या पिल्लांतून त्यांनी दोन माद्या बदली दिल्या, पैसे न घेता, पण तोपर्यंत हिवाळा सरला होता. अपिस्टोग्रामा घ्यायचे असतील तर थंडीच्या दिवसांत वाढलेली पिल्ले मागावीत आणि वहीतली तारीख स्वतः पाहावी.

वास्तविक नवख्या माणसाने टांगानिकाच्या मागे न लागता अपिस्टोग्रामाच घ्यावेत, असे मालकांचेच मत आहे आणि ते मला पटते. मुंबईचे मऊ पाणी हायपोखेरीज काही न घालता त्या माशांना चालते. आपल्या नळाला जे येते त्याच्याशी भांडायचे की जुळवून घ्यायचे, हे आधी ठरवावे. मी भांडणारा निघालो आणि त्याची किंमत दर महिन्याचे एप्सम मीठ आहे.

आतल्या खोलीतला एक चार फुटी टँक विक्रीसाठी नाही. त्यात काळुंदराचा कर्नाटकातला भाऊबंद, इट्रोप्लस कॅनरेन्सिस, पाच माशांच्या थव्याने फिरतो. सिक्लिड म्हणजे आफ्रिका आणि अमेरिका, असे समजणाऱ्यांना आपल्या देशातही या कुळाच्या तीन मूळच्या जाती आहेत हे माहीत नसते. त्यांतली एक, काळुंदर, आपल्या कोकणात तव्यावर असते आणि केरळने २०१० साली तिला राज्यमासा केले; तिसरी, नेत्रावती-कुमारधारा परिसरात राहणारी ही कॅनरेन्सिस, संकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. दुसरी, नारिंगी क्रोमाइड, शेजारच्या टँकमध्ये पिल्ले घेऊन होती. तेथे मी अर्धा तास उभा राहिलो. पिल्लांचा पुंजका आईच्या कुशीला भिडायचा, टोचून मागे सरायचा आणि पुन्हा भिडायचा. आईबापांच्या अंगावरचा चिकट थर हे त्यांचे पूरक अन्न असते. आई मधूनच स्थिर होऊन किंचित कलत होती, जणू पोरांना सोयीचे व्हावे म्हणून. कॅनरेन्सिसची जोडी जमली आणि पिल्ले झाली तरच ती द्यायची, नदीतून धरून आणलेला मासा घ्यायचा नाही आणि विकायचा नाही, असा त्यांचा नियम आहे. गावाकडचे पाहुणे आले की यांना तळायचे कधी असे विचारतात, हे सांगताना मालक मनापासून हसले.

पिल्ले वाढल्यावर ती परत घेण्याची सोय येथे आहे, पण रोख पैसे मिळत नाहीत. निम्म्या किमतीएवढी रक्कम पुढच्या खरेदीत वळती होते. पन्नास लिटरच्या टँकमध्ये तीस मल्टी झाल्यावर ही सोय मोलाची वाटते, पण ज्याला पुढे काही घ्यायचेच नाही त्याच्यासाठी ती निरुपयोगी आहे आणि रोख पर्याय असायला हवा, असे मला वाटते. गेल्या रविवारी मी बारा पिल्ले नेली. मालकांनी ती वाडग्यात ओतून घेतली, भिंगातून प्रत्येकाच्या डोक्याकडचे पट्टे तपासले, एक पिल्लू कण्याने वाकडे असल्याचे दाखवून परत दिले आणि उरलेल्या अकरांसाठी वहीत नवे पान उघडले. ‘कोणाकडून’ या रकान्यात त्यांनी ‘मुलुंड’ लिहिले, खाली पिढीच्या रकान्यात ‘पाचवी किंवा सहावी’ लिहिले आणि विचारले, “पंखा लावलात का यंदा? एप्रिल आला.”